काफ्का वाचायचा तर अपघाताच्या अहवालासारखा

जर्मनीत नवा आलेला मराठी माणूस एखाद्या कचेरीतून वैतागून बाहेर पडला की हमखास म्हणतो, ‘अगदी काफ्का झाला!’ म्हणजे काफ्का या लेखकाच्या गोष्टींसारखं कचेरीच्या चक्रात अडकणं. काफ्काची एक ओळही न वाचलेले तर जास्तच जोरात म्हणतात. इथली कचेरी कागद मागते, तुम्ही देता, उशिरा का होईना काम होतं. काफ्काच्या ‘कायद्यापुढे’ या कथेत कायद्याच्या दाराशी वेगळंच चालतं. दार उघडं आहे, द्वारपाल बसायला स्टूल देतो, जबरदस्ती कुणीच करत नाही. माणूस आपणहून वर्षानुवर्षं बसून राहतो आणि मरताना त्याला कळतं की हे दार फक्त त्याच्यासाठीच होतं. यात कारकुनाचा संताप कुठेच नाही.

ही कथा ‘आइन लांडआर्त्स्ट’ म्हणजे ‘खेड्यातला डॉक्टर’ या संग्रहातली. एकूण १४ कथा, प्रकाशक कुर्ट वोल्फ. पुस्तकावर साल १९१९ असलं तरी पुस्तक प्रत्यक्षात आलं १९२० मध्ये. बहुतेक कथा १९१६-१७ च्या हिवाळ्यात, प्रागच्या किल्ल्यातल्या गल्लीत धाकट्या बहिणीने, ओटलाने, भाड्याने घेतलेल्या चिमुकल्या घरात लिहिल्या गेल्या. म्हणजे लेखक प्रागचा, पण भाषा जर्मन, त्यामुळे इथल्या शाळांनी त्याला बिनदिक्कत घरचा करून टाकलाय.

हा माणूस १९०८ पासून कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. लाकूड रंधणाऱ्या यंत्रांवर त्याने लिहिलेलं टिपण संस्थेच्या अहवालात आकृत्यांसकट छापलेलं आहे. पाती बसवलेला दांडा चौकोनी असला की पातं आणि टेबल यांच्यात रुंद फट राहते. लाकूड उसळलं की कामगाराचा हात त्या फटीत जातो आणि बोटांची पेरं कापली जातात. दांडा गोल केला की फट अरुंद होते आणि इजाही कमी होते. या टिपणात एकही हळहळ नाही. आकार, अंतर, कारण, परिणाम, संपलं.

आता याच सवयीने ‘घरधन्याची काळजी’ या कथेतल्या ओड्राडेक नावाच्या विचित्र वस्तूकडे बघा. तो चपट्या, ताऱ्याच्या आकाराच्या रिळासारखा आहे. त्यावर जुने, तुटके, गाठी मारलेले, वेगवेगळ्या रंगांचे दोरे आहेत. मधून एक आडवी काडी निघते, तिला काटकोनात दुसरी. ही काडी आणि ताऱ्याचं एक टोक यांच्यावर तो दोन पायांवर उभा राहावा तसा उभा राहतो. पत्ता विचारला तर म्हणतो, ‘अनिश्चित’, आणि हसतो. ते हसू फुप्फुसं नसलेल्याचं. सुताराला हे वर्णन वाचून दाखवलं तर तो वस्तू बनवून देईल. अशक्य गोष्ट एकच, की ती बोलते. बाकी सगळं मोजूनमापून दिलेलं आहे.

शीर्षककथेतही तेच. वापरात नसलेल्या डुकरांच्या खुराड्यातून दोन दणकट घोडे आणि एक मोतद्दार बाहेर येतात. डॉक्टर क्षणात दहा मैलांवरच्या रुग्णाकडे पोचतो. मुलाची जखम कुठे? उजव्या कुशीत, कमरेपाशी. केवढी? तळहाताएवढी. आतल्या अळ्या? लांबी-जाडी करंगळीएवढी. भीती त्या करंगळीमुळे वाटते.

इथली खरी चीड मात्र मार्गदर्शिकांची. जर्मन शाळेत अर्थनिर्णय लिहायला सांगतात आणि प्रत्येक विधानाला मूळ ओळीचा क्रमांक द्यावा लागतो. ही शिस्त उत्तम, आपल्याकडे यायलाच हवी. पण तिच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या पुस्तिका म्हणजे आपल्या गाईडचीच थोरली बहीण. द्वारपाल म्हणजे बाप, ओड्राडेक म्हणजे कलाकृती, जखम म्हणजे काफ्काचा क्षय. आता, काफ्काला रक्ताची पहिली गुळणी आली ऑगस्ट १९१७ मध्ये, आणि डॉक्टरची कथा त्याआधीच लिहून झालेली होती. पुस्तक वडिलांना अर्पण केलंय म्हणून चौदाही कथांत वडील शोधायचे, हा तर निव्वळ आळस. ओळीचे क्रमांक देऊनही आळशीपणा करता येतो.

अर्थात आपण हसू नये. ‘तात्पर्य काय?’ विचारण्यात आपला हात कोण धरणार! वर जीएंवर वाढलेल्या वाचकाची आणखी एक अडचण असते. ‘पिंगळावेळ’मधल्या ‘स्वामी’ची कोंडलेली खोली किंवा ‘रमलखुणा’मधला प्रवास वाचताना प्रतिमांच्या झळाळीत भिजायची सवय लागते. तीच अपेक्षा घेऊन काफ्काकडे गेलं की तो कोरडा, कारकुनी वाटतो. म्हणून जीए उणे ठरत नाहीत. कथाकार विलास सारंगांनी तर १९७५ मध्येच ‘सोलेदाद’ या संग्रहातून हा कोरडा सूर मराठीत आणून दाखवला होता. सारंग मराठीतच फारसे वाचले गेले नाहीत, त्याचं खापर जर्मनांवर कसं फोडणार?

वाचायचं कसं, तर एका बैठकीत दोन कथांपेक्षा जास्त नको. सलग चौदा वाचल्या की सगळ्यांची एकच धूसर चव उरते. सुरुवात ओड्राडेकपासून करा, मग ‘गॅलरीत’. ही जेमतेम दोन परिच्छेदांची आहे आणि प्रत्येक परिच्छेद म्हणजे एकच लांबलचक वाक्य. पहिलं ‘जर असं असतं तर’ या सुरात, दुसरं ‘पण तसं नाही’ म्हणत. दुसऱ्यातलं सगळं छान आहे, तरी शेवटी प्रेक्षक रडतो. ही वाक्यं भाषांतरकाराने तोडली असतील तर ते पुस्तक परत ठेवा. डॉक्टरची कथा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर घ्या. त्यात भूतकाळ सोडून वर्तमानकाळ कुठे सुरू होतो आणि परत कुठे मोडतो, तिथे पेन्सिलीने खूण करा.

प्रत्येक कथेत दोनच नोंदी करा. अशक्य गोष्ट नेमकी कोणती, आणि तिचं आश्चर्य कुणाला वाटत नाही? सिकंदराचा घोडा वकील होऊन न्यायालयाच्या पायऱ्या चढतो, तेव्हा वकीलमंडळी समजूतदारपणे त्याला सामावून घेतात. त्या समजूतदारपणावर बोट ठेवा, घोड्यावर नको. माणसासारखं वागायला शिकलेल्या माकडाच्या अहवालाची कथा शेवटी वाचा. स्वातंत्र्य नव्हे, फक्त बाहेर पडायची वाट हवी होती, असं ते विद्वानांच्या सभेत शांतपणे सांगतं. परदेशी स्थिरावलेल्यांनी तो भाग जरा सावकाश वाचावा.