वीस मिनिटं नळी हलवायची नाही

आमच्या सिंधुदुर्गात ऑक्टोबर म्हणजे भातकापणी, आणि ख्रिस्ती वाड्यांत रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून काम करणाऱ्या माझ्यासारखीला या महिन्यात आणखी एका गोष्टीची धास्ती असते. कापलेलं भात उचलताना खाली फुरसं असतं, विषारी साप. हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, पटकन दिसत नाही.

त्या सोमवारी माझी दुपारी दोन ते नऊ ड्युटी होती. पाचच्या सुमाराला रिक्षातून एका बाईला आणलं. पस्तिशीची असेल. उजव्या हाताच्या बोटाला दंश, मनगटापर्यंत सूज. बरोबर सासू होती. त्या लोकांनी एक फार चांगली गोष्ट केली होती: बांधाबांध नाही, चिरणं नाही, वाटेत कुठे थांबणं नाही. दंश झाल्यापासून तासाभरात ती आमच्या खाटेवर होती.

फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायची चाचणी इतकी साधी आहे की पहिल्यांदा बघणाऱ्याला खरी वाटत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली ताजं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं तसंच ठेवायचं. नळी हलवायची नाही, उचलून बघायची नाही. वीस मिनिटांनी एकदाच कलती करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलं आहे.

मला ती वीस मिनिटं सोसत नाहीत. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा फार उशिरा आमच्यापर्यंत पोचला होता. हिरड्यांतून रक्त येत होतं. तो राहिला नाही. तेव्हापासून माझी झोप उडाली होती, आणि खरं सांगायचं तर प्रार्थनाही. गुडघे टेकायचे, की डोक्यात हिशेब सुरू व्हायचा. कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, आणखी काय करता आलं असतं. देवासमोर बसूनही मी वॉर्डातच असायचे.

नळी कलती केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या सांगितल्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर हे एकच औषध चालतं. कुपीत पावडर असते. ती पाण्यात विरघळवताना कुपी जोरात हलवायची नसते, फेस होतो. तळहातात घेऊन हलकेच घोळवायची. घाईच्या वेळी दहा कुप्या हळू घोळवणं किती कठीण असतं, ते करणारीलाच कळेल. सलाईन सुरू झालं आणि पंधरा मिनिटांत तिच्या अंगावर गांधी उठल्या, ती थरथरू लागली, रक्तदाब उतरला. सलाईन बंद केलं, मांडीत अॅड्रेनालिन दिलं. ती सावरल्यावर पुन्हा हळूहळू थेंब सुरू केले.

नऊला मला सुट्टी मिळायची होती. रात्रीची सिस्टर तापाने पडली, म्हणून मी थांबले. बाहेर बाकावर सासू आपल्या ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालत होती. मी येता-जाता दिसले, की एकच प्रश्न: "बाय, रगात गोठला काय?"

दर सहा तासांनी चाचणी. रात्री अकराला रक्त वाहिलंच. आणखी औषध दिलं. पहाटे पाचला पुन्हा नळी भरली, स्टँडवर ठेवली आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. वीस मिनिटांनी कलती केली. काचेला धरून घट्ट गोळा बसला होता. सासूला सांगायला गेले तर ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी मात्र रडलेही नाही. लगेच पुढची चाचणी कितीला, ते वहीत लिहिलं.

घरी आले, आंघोळ केली, पडले. झोप नाही. डोळे मिटले की नळी दिसे. दिवसभर तशीच तळमळले आणि संध्याकाळी नवऱ्याबरोबर रोझरीला गेले. जायचं म्हणून गेले, मनात काही नव्हतं.

त्या दिवशी रोझरी वाडीतल्या मावशींच्या घरी होती. ओटीवर चटया, मारियेच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, अबोलीचा हार. मंगळवार, म्हणजे दुःखाची रहस्यं, येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग. पहिलं रहस्य गेथशेमाने बागेतलं: अटकेआधी येशू तिथे प्रार्थना करत होता आणि शिष्य झोपले होते. 'नमो मारिया'चा अर्धा भाग पुढे म्हणणारी एकटी म्हणते, उरलेला अर्धा सगळे मिळून. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलं असेल. त्या संध्याकाळी माझ्या तोंडून तो अर्धा भाग निघेना. आणि मला जाणवलं, की मी गप्प आहे तरी प्रार्थना कुठे तुटलेली नाही. तीस-चाळीस माणसं, पोरंटोरंसुद्धा, तो अर्धा भाग माझ्या वतीनेही म्हणत होती. मला काही उचलायचं नव्हतं. कित्येक महिन्यांनी मी देवासमोर होते आणि वॉर्डात नव्हते. भिंतीला डोकं टेकलं, तेवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा ओटीवर कोणी नव्हतं. अंगावर चादर होती. पाचही रहस्यं संपली होती, शेवटची लादाईन, मारियेची आळवणी, गाऊन झाली होती. मला कशाचाही पत्ता नव्हता. नवरा अंगणात बोलत बसला होता. त्याने नंतर सांगितलं, की तो मला उठवायला आला तेव्हा मावशींनी हात धरला: "निजांदे तिका." आणि लादाईन सगळ्यांनी हळू आवाजात गायली.

मला फार शरम वाटली. मावशींना म्हटलं, "शिष्य झोपले होते त्याच रहस्याला झोपले मी."

मावशी चौथी शिकलेल्या, पण शुभवर्तमान रोज वाचतात. म्हणाल्या, "लूक काय लिहिता, वाच गो. ते दुःखान निजलेले."

घरी येऊन काढून पाहिलं. बाविसावा अध्याय. खरंच तसं आहे. इतकी वर्षं मी ते शिष्यांना लावलेला बोल म्हणूनच वाचत होते.

पण ते नंतर. तेव्हा मावशींनी झाकून ठेवलेली वाटी पुढे केली, रोझरीनंतर वाटलेल्या चण्यांतला माझा वाटा. खोबरं घातलेले, गार झालेले. ओटीवर बसूनच सगळे खाल्ले, घरी गेले आणि सकाळी सातपर्यंत झोपले.