चिठ्ठीवर नुसतं ‘एएनए’ लिहिलं होतं

मुलाच्या डोळ्यात जुनाट युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) निघाला की रक्ततपासण्यांची लांबलचक चिठ्ठी हातात पडते. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या), आरए फॅक्टर (संधिवाताची) हे आमचं संध्याकाळपर्यंत आलं, सगळं नॉर्मल. त्यावर हुरळून जाऊ नका. डोळ्यात दाह चालू असताना ईएसआर-सीआरपी गप्प राहू शकतात. डोळा लालही दिसत नाही, मूल दुखतंय म्हणत नाही. दाह किती आहे ते स्लिट लॅम्पवरच, म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरांकडच्या सूक्ष्मदर्शकावरच, कळतं.

अडलं ते एएनएवर, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासणीवर. रिपोर्टमध्ये ‘०.६, निगेटिव्ह’ एवढंच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “पद्धत कुठली?” खाली बारीक अक्षरांत एलायझा लिहिलेलं. त्यांना आयएफ, म्हणजे इम्युनोफ्लुरोसन्स पद्धत, हवी होती. लॅबच्या काउंटरवर उत्तर काय, तर “एएनए एकच असतं हो.” नसतं! एलायझाच्या अनेक किटमध्ये ठरावीक प्रथिनं प्लेटवर आधीच चिकटवलेली असतात. मुलांच्या संधिवाताशी जोडलेल्या युव्हिआयटिसमधली अँटिबॉडी बहुतेकदा त्या यादीतल्या प्रथिनांविरुद्ध नसतेच, मग निगेटिव्ह येणारच. आयएफमध्ये सीरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी) हेप-२ या लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींवर घालतात, फ्लुरोसन्ट मायक्रोस्कोपखाली केंद्रक हिरवं चमकतं का ते बघतात, आणि सीरम पातळ करत जातात, १:८०, १:१६०, १:३२०. चमक जिथपर्यंत टिकते तो टायटर.

मग काउंटरवरून ‘एएनए प्रोफाइल करा’ असा सल्ला मिळाला. ही पट्टीवरची तपासणी, कितीतरी महाग, आणि तीही ठरावीक प्रथिनांचीच. आम्ही नाही म्हणालो. परत सुई टोचायला निघाले होते, तेव्हा सुचलं की सीरम उरलेलं असेल. बहुतेक लॅब ते काही दिवस फ्रिजमध्ये ठेवतात. उरलेल्यावरच झालं. पॉझिटिव्ह, होमोजिनियस (केंद्रक सगळीकडे सारखं चमकलेलं), १:१६०.

एवढा आटापिटा करून औषधाचा थेंबही बदलला नाही, हेही सांगायला हवं. धडधाकट मुलांतही एएनए पॉझिटिव्ह निघतं. बदललं एवढंच की सांध्यांवर नजर ठेवायला सांगितलं. काही मुलांत डोळा आधी आणि गुडघा-घोटा नंतर सुजतो. सकाळी उठल्यावर मूल लंगडतं का ते बघा. टायटर दर महिन्याला करायचं नाही, तो डोळ्याबरोबर खालीवर होत नाही.

तेव्हा चिठ्ठीवर ‘एएनए, आयएफ पद्धत, टायटरसह’ असं लिहूनच घ्या.

एसीईचं राहिलं, म्हणजे सार्कॉइड (अवयवांत दाहाच्या गाठी करणारा आजार) शोधायच्या रक्ततपासणीचं. ते साध्या सीरमच्या नळीत द्यायचं. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत एसीईला लागणारं जस्त बांधलं जातं आणि आकडा खोटा कमी येतो. मुलांत एसीई मोठ्यांपेक्षा मुळातच जास्त असतं, त्यामुळे मोठ्यांच्या रेंजवर छापलेला ‘हाय’ बघून सार्कॉइडच्या भीतीने रात्र जागवू नका. तोंडावाटे स्टेरॉइड सुरू असेल तर एसीई उतरतं आणि टीबीची मॅन्टू (त्वचेत टोचून करतात ती) किंवा इग्राही (रक्तावरची) फसवू शकते. जमत असेल तर रक्त त्याआधीच द्या, पण डॉक्टरांनी स्टेरॉइड लगेच सांगितलं असेल तर त्यासाठी ते थांबवू नका. मॅन्टू ४८ ते ७२ तासांत वाचतात, मोजायचा तो कडक फुगवटा, लाली नव्हे.

यातल्या कशालाच उपाशीपोटी जावं लागत नाही. मूल खाऊनपिऊन असलं की शीरही पटकन सापडते. आणि पुढे मेथोट्रेक्सेट (दाह आवरणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध) सुरू झालं तर एसजीपीटीचं, म्हणजे यकृताच्या तपासणीचं, रक्त डोसनंतर लगेच देऊ नका, दोन दिवस आकडा चढलेला दिसू शकतो. डोस रविवारी असेल तर शनिवारी सकाळी द्या.