पाच मायक्रॉनचे झाले पाच एमएम

मराठी फाइल असली की डीटीपीवाल्यांची एक कटकट वाचते: आपल्याकडे कॅपिटल-स्मॉलची भानगडच नाही. त्या दिवशी फाइल ग्रीक होती.

पाण्याच्या फिल्टरचं लेबल. भाषांतर तयार होतं, फक्त सगळा मजकूर कॅपिटलमध्ये हवा होता. विम या टेक्स्ट एडिटरमध्ये सगळं सिलेक्ट केलं, शिफ्ट धरून यू दाबलं, झालं. पीडीएफ पाठवून मी चहाला गेले.

परत येते तर तिकडच्या प्रूफरीडर बाईंचा मेल. अख्खा शब्द कॅपिटलमध्ये असेल तर स्वरांवरचं आघातचिन्ह ठेवत नाहीत, काढा. चिन्ह एकच असतं (1982 पासून, त्याआधी बरीच होती), पण शब्दाचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल असेल तेव्हा ते लागतं. म्हणून चिन्हासकट कॅपिटल युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला स्वतःचा कोड देणारी यादी) आहेत, आणि एडिटरने इमानदारीत तेच दिले. सात स्वर, सात फाइंड-रिप्लेस. पुन्हा पाठवलं.

अर्ध्या तासात दुसरा मेल. इशाऱ्याच्या ओळीत ‘किंवा’ हरवलंय. ग्रीकमध्ये ‘किंवा’ म्हणजे ईटा हे एकच अक्षर, डोक्यावर चिन्ह असलेलं. चिन्ह काढलं की उरतं स्त्रीलिंगी उपपद, इंग्रजीतल्या ‘द’सारखं. त्यामुळे या एका शब्दाचं चिन्ह कॅपिटलमध्येही राहतं. मी सरसकट झाडू फिरवला होता.

त्याखाली तिने साळसूदपणे विचारलं होतं: फिल्टरची छिद्रं खरंच 5 मिलिमीटरची आहेत का?

पीडीएफ उघडून पाहिलं. ‘5 एमएम’, इंग्रजी कॅपिटलमध्ये, ठळक. मूळ फाइलमध्ये 5 मायक्रोमीटर, म्हणजेच मायक्रॉन, होतं: मायक्रोचं चिन्ह आणि पुढे स्मॉल एम. हजार पट! त्या छिद्रांतून मूगसुद्धा गळाले असते.

फाइलमध्ये एमएम शोधलं तर विम म्हणतो, सापडलं नाही. समोर दिसतंय आणि सापडत नाही! शेवटी कर्सर पहिल्या एमवर ठेवून जी-ए दाबलं. कोड आला 039सी. दुसऱ्यावर, 004डी. म्हणजे दुसरा एम इंग्रजी, पहिला ग्रीक कॅपिटल म्यू. मायक्रोचं चिन्ह युनिकोडमध्ये 00बी5 या स्वतंत्र जागी बसतं, पण मुळात ते ग्रीक म्यूच, म्हणून त्याचं कॅपिटलही ग्रीक म्यूचंच. आणि ते दिसायला हुबेहूब इंग्रजी एम. एडिटर नियमाला धरून वागला होता. एककांना हात लावायला नको होता, तो मी लावला.

सगळं पुन्हा स्मॉल करून पाहिलं, तर शब्दाच्या शेवटचे सिग्मा बिघडले. तिथे सिग्माचं रूप वेगळं असतं, ते विमला कळलं नाही. मायक्रोच्या जागीही साधा ग्रीक म्यू आला. मग मूळ फाइल शेजारी उघडली आणि सहा ठिकाणची एककं हाताने भरली.

रात्री नऊला शेवटचा मेल आला. एककं ठीक, ‘किंवा’ ठीक. फक्त उत्पादनाच्या तारखेत ‘मे’ महिना आहे, त्यातल्या आल्फावरचं चिन्ह काढलंत तर पुढच्या आयोटावर दोन टिंबं द्यावी लागतात, नाहीतर दोन्ही स्वर मिळून ‘ए’ वाचला जातो.

दिली टिंबं.