फॉर्म डी मधला तिसरा माणूस

तर मंडळी, ती तीन फोटोवाली केस आठवतेय ना, जिच्यावर मी एवढा उड्या मारत होतो? तिचा मुख्य पुरावा गेला. पण त्याच्या मागे लागता लागता जे हाती आलं ते त्याहून भारी आहे, म्हणून घाईघाईत लिहितोय, मांडणी विस्कळीत वाटली तर चालवून घ्या.

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कंपन्या आपल्या जन्माच्या ज्या गोष्टी सांगतात त्या जुन्या कागदांशी ताडून बघायच्या, हा माझा उद्योग. सॉफ्टवेअर कंपनी, फाउंडर बऱ्यापैकी प्रसिद्ध, नाव घेत नाही कारण काम अर्धवट आहे. प्रत्येक मुलाखतीत एकच गोष्ट: नोकरी गेली, एकट्याने सुरू केलं, सुरुवातीची काही वर्षं बाहेरचा एक पैसा घेतला नाही. आणि वेबॅक मशीनवरच्या (वेबसाइटींच्या जुन्या प्रती जपणारं संग्रहालय) सगळ्यात जुन्या अबाउट पेजवर मात्र तीन चेहरे, तिघांच्याही खाली को-फाउंडर.

गोची अशी की नावं आणि हुद्दे फोटोतच छापलेले होते, पेजच्या टेक्स्टमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. आणि वेबॅक पेज दाखवतं तेव्हा टेक्स्ट एका तारखेचं आणि फोटो भलत्याच तारखेचे असू शकतात, त्या दिवशी क्रॉलरने (पानं गोळा करणारा त्यांचा प्रोग्राम) फोटो उचलला नसेल तर त्याच पत्त्यावरचा सगळ्यात जवळच्या तारखेचा फोटो तो चिकटवतो. फोटो वेगळ्या टॅबमध्ये उघडायचा आणि लिंकमधला तो १४ आकडी शिक्का बघायचा, वर्ष महिना दिवस तास मिनिट सेकंद. बघितला, तर फोटो पेजच्या वर्षभराहून जास्त नंतरचा! म्हणजे त्याच नावाची फाइल मधे कधीतरी बदलली असेल तर सुरुवातीला तिथे कोण होतं देव जाणे.

तरी सोडलं नाही. वेबॅक मूळ सर्व्हरचे हेडरही, म्हणजे फाइलसोबत सर्व्हर पाठवतो ती माहिती, जपून ठेवतं, त्यात लास्ट-मॉडिफाइड असतं, म्हणजे फाइल सर्व्हरवर शेवटची कधी बदलली ते. काढलं. त्या फोटोची तारीख, लोगोची तारीख, फूटरमधल्या चिमुकल्या बाणाची तारीख, सगळ्यांची एकाच दिवशीची एकाच मिनिटातली. म्हणजे साइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि सगळ्या फाइल्सना त्याच दिवसाचा छाप बसला. डोक्याला शॉट. रात्री एवढं खणायचं आणि शेवटी कळायचं काय, तर कोणीतरी होस्टिंग बदललं.

त्या पैसे देऊन घ्यायच्या कंपनी डेटाबेसचीही एक ट्रायल घेतली होती. नाव घेत नाही पण तिकडे जाऊ नका. त्यात स्थापनेचं वर्ष आणि फाउंडर हे कंपनीच्या प्रेसनोटमधून उचललेलं असतं, म्हणजे जी गोष्ट तपासायची तीच पुरावा म्हणून समोर येते. फुकटातली सरकारी रजिस्टरं कितीतरी बरी. ब्रिटनचं कंपनीज हाऊस तर लाजवाब, २०१५ पासून सगळं फुकट आणि डायरेक्टर कधी आला कधी गेला ते तारखेसकट. अमेरिकेत मात्र डेलावेअरला, म्हणजे जिथे बऱ्याच कंपन्या नोंदवतात त्या राज्यात, फुकटात नाव, नंबर, स्थापनेची तारीख आणि एजंट (कंपनीच्या वतीने सरकारी कागद स्वीकारणारा) एवढंच मिळतं, माणसं कोण हे नाहीच.

मग ट्रेडमार्ककडे वळलो. पहिल्या वापराची तारीख अर्जदार स्वतःच सांगतो, म्हणून तिच्यावर माझा फारसा जीव नाही. पण अर्जदार कोण होता ते बघितलं तर वेगळ्याच नावाची कंपनी, आणि नंतर ट्रेडमार्क सध्याच्या कंपनीला असाइन, म्हणजे तिच्या नावावर, झालेला. असाइनमेंटच्या नोंदीत दोन तारखा असतात, सही कधी झाली आणि नोंद कधी झाली. ते जुनं नाव एडगरवर (अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे भरलेल्या कागदांचा ऑनलाइन साठा) टाकलं, आणि आला की फॉर्म डी! ब्रँडच्या नावाने शोधून आजवर शून्य रिझल्ट येत होते कारण कायदेशीर नाव कधी ब्रँडचं नव्हतंच. हे सगळ्यांनी लिहून ठेवा.

फॉर्म डी म्हणजे खाजगीत पैसे उभे केले की भरायचा फॉर्म, २००९ पासून तो ऑनलाइनच भरावा लागतो. त्यात ‘संबंधित व्यक्ती’ असा भाग असतो आणि प्रत्येक नावासमोर तीन चौकोन: एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, डायरेक्टर, प्रमोटर. इथे तीन नावं. तिसऱ्या नावासमोर पहिल्या दोन्ही चौकोनांत टिक. हे नाव आजच्या साइटवर नाही, मुलाखतीत नाही, कुठेच नाही. वर पहिल्या विक्रीची तारीख आहे ती ‘बाहेरचा पैसा घेतला नाही’ म्हणतात त्याच काळातली, आणि असाइनमेंटची सही तिच्या थोडीच आधीची. गुंतवणूकदाराचे वकील आधी ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर करायला लावतात, तसं असेल तर सगळं चपखल बसतं.

पैशाचा दावा त्यामुळे बहुतेक निकालात निघाला. बहुतेक, कारण फॉर्म डी मध्ये पैसा दिला कोणी ते नसतं, घरच्या माणसांनी दिलेला असेल तर फाउंडर त्याला बाहेरचा म्हणणार नाही.

पण एकट्याचा दावा? इथेच घोडं अडलंय. कुठल्याच रजिस्टरमध्ये फाउंडर नावाचा रकानाच नाही. ऑफिसर आहे, डायरेक्टर आहे, शेअरहोल्डर आहे. फाउंडर कोण हे शेवटी आपसात ठरतं. टेस्ला बघा ना, २००३ मध्ये एबरहार्ड आणि टार्पेनिंगने कंपनी काढली, मस्क २००४ मध्ये गुंतवणूकदार म्हणून आला, आणि २००९ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर पाच जण को-फाउंडर झाले. तारखेने विचारलं तर दोन, कागदाने विचारलं तर पाच. उलट स्नॅपचं (स्नॅपचॅटवाली कंपनी) प्रकरण, तिथे मीही को-फाउंडर म्हणणाऱ्या तिसऱ्याला १५ कोटी ७५ लाख डॉलर दिल्याचं आपल्याला नीट कळलं ते २०१७ मध्ये शेअर बाजारात उतरतानाच्या कागदपत्रांत. आपल्या केसमध्ये कंपनी अजून खाजगी, त्यामुळे ती वाट बंद.

लिहिता लिहिता वाटायला लागलंय की अशा गोष्टी किती खऱ्या याला दहापैकी मार्क द्यायची माझी पद्धतच मोडीत काढावी. फाउंडरच्या होणाऱ्या बायकोला पेझ गोळ्यांच्या डब्या (डिस्पेन्सर) अदलाबदल करता याव्यात म्हणून ईबे निघाली, ही गोष्ट पीआरसाठी रचलेली, तिला शून्य द्यायला सोपं. पण डिनर पार्टीचे व्हिडिओ पाठवता येईनात म्हणून यूट्यूब सुचलं, या गोष्टीला किती देणार? एक फाउंडर म्हणतो तशी पार्टी झालीच नाही, दुसरा म्हणतो गोष्ट मार्केटिंगसाठी जरा फुगवली गेली. भाड्याची फिल्म उशिरा परत केल्याच्या दंडाच्या (लेट फी) रागातून नेटफ्लिक्स सुचली म्हणतात, तिचंही तसंच. १९९८ मध्ये सुरू झाली तेव्हा एकेक डीव्हीडी परतीच्या तारखेसकट भाड्याने देत होते, सबस्क्रिप्शन १९९९ मध्ये आलं. लेट फीचा राग एवढा होता तर पहिल्या दिवसापासून परतीची तारीख का ठेवली, हा प्रश्न मला कुठल्याही मार्कांपेक्षा जास्त आवडतो.

म्हणून आता मार्क बंद. गोष्टीतलं एकेक वाक्य वेगळं काढायचं, ते पहिल्यांदा कुठे कधी आलं ते लिहायचं, आणि समोर त्या तारखेचा कागद. आपल्या माणसाचं ‘एकट्याने’ हे सुरुवातीच्या एका छोट्या पॉडकास्टमध्ये नाहीये, हे आत्ताच जुने नोट्स चाळताना दिसलं. तिथे तो सारखं ‘आम्ही’ म्हणतोय. आम्ही तर एकटा माणूसही म्हणतो म्हणा, पण तरी.

तिसऱ्या माणसाचं नाव मी इथे टाकणार नाही आणि कोणी शोधून टाकूही नका. तो आज कुठे आहे, काय करतो, हे आपल्याला नको, त्याला मेसेज तर अजिबात करायचा नाही. कंपनीच्या कागदात जेवढा आहे तेवढाच.

पुढचा प्लॅन पॉडकास्टांचा होता, तो आता मागे. कारण आत्ता सुचलं की कंपनीचं ऑफिस कॅलिफोर्नियात आहे, मग स्टेटमेंट ऑफ इन्फॉर्मेशन (कंपनीने राज्याला ठरावीक काळाने द्यायची माहिती) भरलेलं असणारच, त्यात सीईओ, सेक्रेटरी, सीएफओ तिघांची नावं येतात आणि राज्याच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते. वेगवेगळ्या वर्षांच्या लागोपाठ लावल्या की तिसरं नाव कुठल्या वर्षी गळलं ते दिसेल. फक्त जुन्या पीडीएफ स्कॅन केलेल्या असतात आणि त्यात सर्च चालत नाही, तिरक्या हस्ताक्षरातल्या स्कॅनवर नीट चालणारं फुकटातलं ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर) कोणी वापरत असेल तर सांगा, माझ्याकडचं सेक्रेटरीच्या जागी दरवेळी एजंटचा पत्ता वाचतंय.