पावणेदोनशे मायक्रॉनचं घड्याळ

बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे, तिथं पाच मायक्रॉनवरून माणसं हमरीतुमरीवर येतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ग्राइंडिंगहून शाफ्ट आला, मायक्रोमीटर लावला आणि मापापेक्षा पाच मायक्रॉन कमी भरला, की मी त्याला लाल ठिपका लावून बाजूला ठेवतो. मग ऑपरेटर माझ्याकडं असा बघतो, जसं काही मी त्याच्या पोरीच्या लग्नात पोटभर जेवून वर आमटी अळणी होती म्हणालो.

असला मी माणूस. आणि गेल्या दिवाळीत पदरचे पैसे मोजून दिवसाला पंधरा सेकंद मागं पडणारं घड्याळ घेऊन घरी आलो.

हिशोब मीच करून बघितला, सवयीनं. दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यात पंधरा सेकंदांची चूक म्हणजे एक मीटर लांबीच्या कामात साधारण १७४ मायक्रॉन. पावणेदोनशे! एवढ्या फरकाचा जॉब माझ्या टेबलावर आला असता, तर ठिपका नव्हे, अख्खा डबा ओतला असता रंगाचा. बरं, बाजारात तीन-चारशे रुपयांचं, सेलवर चालणारं घड्याळ मिळतं. त्यातला क्वार्ट्‌झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि महिनाभरात चुकला तर पंधरा-वीस सेकंद चुकतो. माझं रोज चुकतं तेवढं ते महिन्यात. हे सगळं ठाऊक असून मी चाकांचं, स्प्रिंगचं घड्याळ घेतलं. घरात ह्यावर बरंच बोलणं झालं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याआधी मुलानं दिलेलं स्मार्ट वॉच वापरून झालं होतं. पहिले आठ दिवस मजा आली. मग ते मला उठा म्हणायला लागलं, चाला म्हणायला लागलं, एकदा तर भर मीटिंगमध्ये मनगट थरथरवून श्वास घ्या म्हणालं. मी घेतच होतो. रोज रात्री मोबाइलशेजारी त्यालाही चार्जिंगला लावायचं, म्हणजे घरात अजून एक खाणारं तोंड. दिलं परत.

घड्याळ कसं हवं हे मात्र मनात पक्कं होतं. माझं मनगट बारीक आहे, त्यावर हल्लीच्या ४४-४५ मिलिमीटरच्या ताटल्या ठेवल्या की घड्याळानं मला बांधल्यासारखं वाटतं. सदतीस-अडतीसच्या वर नको. शर्टाच्या बाहीखाली गुमान सरकायला हवं. सोनेरी नको, तीन उपकाटे नकोत. आणि लोकांनी ते बघून ‘किती वाजले’ विचारावं, ‘कितीला घेतलं’ नव्हे. ही शेवटची अट बेळगावात पुरी होणं कठीण, हे कबूल. इथं कोथिंबिरीची जुडी घेऊन चाललं तरी कितीला घेतलं विचारतात.

खडेबाजारातल्या दुकानात मी ‘साधं’ म्हणालो की काउंटरवरचा मुलगा जरा मोठं आणि जरा चकचकीत काढायचा. त्याचं चुकत नव्हतं. लग्नसराई जवळ आली होती, आणि आमच्याकडं साधं दाखवा म्हणणारी माणसं शेवटी भारीतलंच घेऊन जातात. एका दुकानात डायलवर सिंहाचं तोंड असलेलं घड्याळ माझ्या हातावर चढवलं गेलं. आरशात बघितलं. सिंहाची कीव आली.

पहिली ओढ अर्थातच एचएमटीची. आमच्या घराला ती दोन बाजूंनी चिकटलेली आहे. माझे वडील, आप्पा, टर्नर होते, ह्याच उद्यमबागेत. त्यांच्या लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या यंत्रावर, ‘एचएमटी’ कोरलेलं आणि मनगटावरच्या घड्याळावरही ‘एचएमटी’. लहानपणी डबा द्यायला गेलो की मला वाटायचं, लेथ मोठा भाऊ आणि घड्याळ धाकटा. तसं ते खरंही होतं. हिंदुस्थान मशीन टूल्स १९५३ साली निघाली ती मुळात यंत्रं करायला. घड्याळं मागाहून, १९६१ मध्ये, बेंगळुरात जपानच्या सिटिझनच्या मदतीनं. लोखंडाला आकार देण्याचं वेड आमच्या गावाला त्याच्याही आधीचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान इथंच होतं, कारखाना घेऊन ते किर्लोस्करवाडीला गेले १९१० साली. रस्त्याला नाव राहिलंय.

आप्पांचं घड्याळ ‘जनता’. पांढरी डायल, त्यावर देवनागरीत ‘जनता’, सतरा ज्वेल्स. ज्वेल म्हणजे दागिन्यातलं रत्न नव्हे. चाकांच्या बारीक आसांची टोकं ज्यात फिरतात ती कृत्रिम माणकाची बेअरिंगं. धातूवर धातू घासून झिजू नये म्हणून. आप्पा रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधीची पिप् पिप् लागली की काटे जुळवायचे आणि चावी द्यायचे. अंगठा आणि तर्जनी, मोजून वीस-बावीस वेळा. शेवटच्या वेढ्याला हात आपोआप हलका व्हायचा. तोच हात दिवसभर लेथवर टूल पुढं सरकवायचा. मला आजही वाटतं, टूल कुठं थांबवायचं हे त्यांना त्या चावीनं शिकवलं असणार. हे आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “मुकादमानं शिकवलं. शिव्या घालून.”

तर मीही ‘जनता’ मागवली. सरकारनं २०१६ च्या जानेवारीत एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून जुन्या ‘जनता’ना भलताच भाव आलाय. घरपोच आली. लांबून झकास दिसत होती. पण हात शिवशिवले, कारखान्यात नेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवली. डायल पुन्हा रंगवलेली होती. मिनिटांच्या रेघा कडेला पसरलेल्या, बाराची खूण काट्याच्या मधाशी जुळेना, आणि ‘जनता’तला ‘न’ असा फुगलेला, जसा काही गणपतीत मोदक खाऊन बसलाय. आतलं मशीन दोन-तीन घड्याळांचे अवयव जोडून उभं केलेलं. जुन्या घड्याळाची दुरुस्ती वेगळी आणि ही रंगरंगोटी वेगळी. लाल ठिपका. परत पाठवली.

तुम्ही म्हणाल, मग आप्पांची मूळ ‘जनता’ कुठं गेली? ती मी नक्षीच्या डबीतून काढावी आणि डोळे ओले व्हावेत, असं काही झालं नाही. मी दहावी झालो त्या वर्षी ‘जुनं द्या, नवं न्या’ची जाहिरात आली होती. आप्पा गेले, ‘जनता’ काउंटरवर ठेवली, सेलचं घड्याळ घालून आले. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? “वाईट कसलं? चावी द्यायची कटकट गेली की.” बालपणीच्या आठवणी काढायला बसलं की आप्पा असा खोडा घालतात.

शेवटी जमलं ते सैको ह्या जपानी कंपनीच्या ‘सैको ५’ मध्ये. रामदेव गल्लीत एका दुकानात जुन्या स्टॉकातलं एक पडून होतं. कोणी बघत नव्हतं म्हणून मुलानं ते काचेच्या अगदी खालच्या फळीवर सरकवलं होतं. स्टीलचं, सदतीस मिलिमीटर, राखाडी डायल आणि त्यावर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा. ह्या रेघांवर मी भाळलो. आमच्या गावात कुठल्या अक्षरात काय लिहावं हा प्रश्न कधी मिटत नाही. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला हवी, असा कायदा २०२४ मध्ये झाला, तेव्हापासून तर पाट्या रंगवणाऱ्यांची चांदी आहे. रेघेला भाषा नाही. बारा रेघा, कोणाचं काही म्हणणं नाही.

सैको ५ हे घराणं १९६३ पासूनचं. त्यातलं ‘पाच’ म्हणजे पाच गोष्टींची हमी. त्यातल्या मला दोन पटल्या. एक, वार आणि तारीख एकाच खिडकीत. दुसरी, काटे जुळवायची घुंडी तीनच्या जागी न ठेवता चारच्या जागी, तीही आत दबलेली, म्हणजे हात वाकवला की मनगटात रुतत नाही. दोन्हीत मिरवणं नाही, सोय आहे. पाण्याच्या बाबतीत मात्र मी दुकानदाराचं ऐकलं नाही. पाठीमागं ३० मीटर लिहिलंय म्हणजे तीस मीटर खोल बुडवा असं नव्हे. हात धुताना चार शिंतोडे उडाले तर चालतात, एवढंच. आमचा पाऊस शिंतोड्यांत मोजायचा नसतो. जूनमध्ये सुरू झाला की कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, तिथं कातडी पट्ट्याचं काय होणार? म्हणून स्टीलचा पट्टा, आणि पावसात गाडीवर निघताना घड्याळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, डब्याच्या कप्प्यात. नऊ हजाराला दोनशे कमी केले. कितीला घेतलं हे तुम्ही विचारणारच होता.

घरी आप्पांनी ते हातात घेतलं, कानाला लावलं आणि सवयीनं घुंडी पिळायला लागले. वीस वेळा पिळली. काहीच होईना.

“चावी बसत नाही रे ह्याला.”

“ह्याला चावी नाहीच, आप्पा. हात हलला की आपोआप भरतं.”

उलटं करून दाखवलं. मागं काच आहे, तिच्यातून अर्धवर्तुळाकार वजन भिरभिरताना दिसतं. तेच आतली कमान गुंडाळतं. त्याच्या कडेला बॅलन्स व्हील मागंपुढं झुलत असतं, तासाला २१,६०० ठोके, म्हणजे दिवसाला पाच लाख अठरा हजार चारशे. आप्पा बराच वेळ बघत राहिले. डोळ्यांवर चष्मा, त्यावर माझं भिंग. टर्नरनं टर्नरचं काम बघावं तसं. “आस किती बारीक काढलाय,” एवढं म्हणाले. मग परत देताना, “आणि मागं पडतंय म्हणतोस?”

“पंधरा सेकंद.”

“एवढी चाकं लावून?”

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास ते मागं पडायचं थांबलं. पुढं धावायला लागलं. पंधरा सेकंद नव्हे, दिवसाला आठ-आठ मिनिटं. आप्पा खूश. “बरं झालं की. कामावर लवकर पोचशील.” मी मात्र धास्तावलो. गणपत गल्लीजवळ एका बोळाच्या तोंडाशी खोक्यात बसणारे एक जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. खणातून पोरांच्या कंपासपेटीत असतं तेवढं होकायंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि माझं घड्याळ हळूहळू त्याच्याजवळ नेलं. सुई लटलटायला लागली. मान वर न करता म्हणाले, “लोहचुंबकाचं काम करता काय?”

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक! लोखंडी जॉब त्याच्यावर चुंबकानंच धरतात, आणि मी दिवसातून दहा वेळा त्याच्यावर हात टेकून ऑपरेटरशी वाद घालतो. बॅलन्सची हेअरस्प्रिंग, जुने कारागीर तिला बालकमानी म्हणतात, ती केसासारखी बारीक. तिच्यात चुंबकत्व शिरलं की वेढे एकमेकांना चिकटतात; स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते आणि चाक घाईघाईनं झुलतं. कारागिरांनी एका निळ्या डबीवर घड्याळ ठेवून बटण दाबलं आणि सावकाश उचलत वर नेलं. सुई पुन्हा शांत. पैसे विचारले तर म्हणाले, चहाचे द्या. गंमत म्हणजे ग्राइंडिंगहून आलेला प्रत्येक जॉब डीमॅग्नेटाइझ केल्याशिवाय, म्हणजे त्यातलं चुंबकत्व काढल्याशिवाय, मी हातात घेत नाही, ते यंत्र माझ्या टेबलापासून चार पावलांवर आहे. आता चकजवळ जाताना घड्याळ खिशात जातं, आणि ऑपरेटर म्हणतो, “साहेब भांडायला आले.”

एक गोष्ट मला घेतल्यावर कळली. वाराची खिडकी दोन भाषांची आहे. माझ्यातली एक इंग्रजी आणि दुसरी अरबी. वाराच्या चकतीवर प्रत्येक वार दोनदा छापलाय, एकदा ह्या भाषेत, एकदा त्या. घुंडी फिरवून आपली भाषा निवडायची. पण वार बदलताना चकतीला मधली दुसरी भाषा ओलांडावीच लागते. म्हणून मध्यरात्रीनंतर माझं घड्याळ काही तास अरबीत असतं, आणि पहाटे कधीतरी गुपचूप इंग्रजीवर येतं. जागा असल्याशिवाय हे कळायचंच नाही.

आप्पा जागे असतात. वयामुळं तीनच्या सुमारास उठतात, पाणी पितात, ओट्याजवळच्या खिळ्याला मी टांगलेलं घड्याळ बघतात. परवा मीही उठलो होतो. स्वयंपाकघरातला दिवा लावून ते भिंग घेऊन बसले होते.

“काय झालं?”

“वार बिघडला रे. काल रात्री बुध होता. आता हे कायतरी भलतंच.”

मी अरबीचं सांगितलं. चकती, दोन भाषा, पहाटे परत इंग्रजी, सगळं. त्यांनी पुन्हा भिंग लावलं. तीस वर्षं शेजारच्या लेथवर हुबळीकडचा माणूस होता. दोघं एकमेकांशी कधी कुठल्या भाषेत बोलायचे, हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

“कन्नड असतं तर वाचलं असतं की मी,” आप्पा म्हणाले, आणि घड्याळ खिळ्याला अडकवून दिवा मालवला.