एअर पिस्तूल डायरी: ५४० वरून ५५० च्या वर, दहाचे शॉट न वाढवता

चवथ जवळ आली, घरात माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या) सामानाची यादी सुरू झाली, म्हणजे आता रेंजवर जाणं कमी होणार, म्हणून त्याआधी आकडे लिहून ठेवतो. उन्हाळ्यात १० मीटरचा माझा सरावाचा स्कोअर (६० शॉट, ६०० पैकी) ५३८-५४० ला अडकून पडला होता, आता ५५० च्या वर टिकतोय, सगळ्यात चांगला ५५६. मॅचला ह्यातले पाच-सात गळतात हे धरूनच चाला, पण एमक्यूएस (पात्र ठरायला लागणारा किमान स्कोअर) आता आवाक्यात वाटायला लागलाय.

गंमत म्हणजे दहाचे शॉट फारसे वाढलेच नाहीत. जुन्या सिरीज (दहा-दहा शॉटच्या) काढून शेजारी ठेवल्या तर दहांची संख्या जवळपास तीच, फरक पडलाय तो खालच्या बाजूला. आधी दर सिरीजला एखादा सात ठरलेला असायचा, तो गेला. सातचा नऊ झाला की दोन पॉइंट, सहा सिरीजचे बारा, झालं की काम. नऊचा दहा करायला मात्र जीव जातो, कारण नऊची रिंग २७.५ मिलिमीटरची आणि दहाची ११.५. सात टाळायला फक्त वेळेवर हात खाली घ्यावा लागतो.

पिस्तूल उचलून साइट (नेम) बसते ती माझ्या बाबतीत पाचव्या-सहाव्या सेकंदाला, तेव्हा शॉट सुटला नाही की पुढे श्वास कमी पडतो, डोळा थकतो, होल्ड, म्हणजे हात हलण्याचा घेर, पसरत जातो आणि मन म्हणतं एवढं धरलंय तर मारून टाकूया, आणि तोच तो सात. म्हणून सरावात मनात आठपर्यंत मोजायला लागलो, आठ झाले की साइट कितीही छान दिसो, पिस्तूल टेबलवर, दोन-तीन श्वास, परत. मॅचमध्ये मोजू नका हां, तिथे लक्ष फ्रंट साइटवरच (नळीच्या टोकाच्या खुणेवर) हवं, पण सवय लागली की हात आपोआप खाली येतो. वेळेची भीती वाटते लोकांना, पण इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटना ७५ मिनिटं आहेत, साइटर्सची (आधीच्या सरावाच्या शॉटची) १५ वेगळी, म्हणजे शॉटला सव्वा मिनिट. बाजूच्या लेनवाला फटाफट संपवून बॉक्स भरतोय आणि आपण पाणी शेंदल्यासारखं वर-खाली करतोय, ते सुरुवातीला विचित्र वाटतं एवढंच.

घरी ड्राय (पेलेट न घालता सराव) करतो ते कोऱ्या भिंतीवर, टार्गेट लावत नाही, काळा गोल नसला की ट्रिगर दाबताना फ्रंट साइट हलली का ते लगेच कळतं. त्यातले बरेचसे ड्राय मुद्दाम न सोडताच खाली घेतो, कारण खाली घेणं हीसुद्धा हाताला शिकवायची गोष्ट आहे. ट्रिगर ५०० ग्रॅमच्या जरा वर ठेवलाय, नेमका किमान मर्यादेचा ५०० ठेवून इक्विपमेंट कंट्रोलला (मॅचआधीच्या तपासणीला) धाकधूक कशाला.

पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये आपला सरबज्योत सिंग पात्रता फेरीत ५७७ मारून नववा राहिला, आठव्याचेही ५७७ च, पण त्याचे इनर टेन (दहाच्या आतल्या छोट्या रिंगमधले शॉट) १७ आणि ह्याचे १६. (पुढे मनू भाकरबरोबर मिक्स्ड टीममध्ये ब्राँझ घेतलं ते वेगळं.) त्या लेव्हलला भांडण इनर टेनचं असतं. आपल्यातले काहीजण ५४० ला असतानाच पेलेट (छर्रा) ४.४९ मिलिमीटरचा की ४.५० यावर तासन्‌तास बोलतात, नवीन पिस्तुलाचे भाव काढतात, त्याने सात जात नाहीत. माझं पिस्तूल सेकंडहँडच आहे, आणि त्याचा हवेचा सिलिंडर स्कुबावाल्या मित्राच्या कंप्रेसरवर २०० बारला भरून घेतो, त्यांची हवा श्वासाला वापरायची म्हणून फिल्टर होऊन कोरडी येते. गोव्यात राहण्याचा हा एक फायदा.

तोटा म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात पेपर टार्गेट सादळतं, भोकाची कड फाटकी निघते आणि आठ की नऊ यावर वाद. लाकडी ग्रिप घामाने निसरडी होते, चौथ्या सिरीजनंतर मनगट नकळत फिरतं आणि ग्रुप डावीकडे सरकतो, मी सिरीजच्या मध्ये टॉवेलने हात आणि ग्रिप दोन्ही पुसतो, तरी सहाव्या सिरीजला तीन-चार पॉइंट कमी येतातच. चवथीनंतर स्टेट स्पर्धेपर्यंत त्यावरच काम, शेवटी होल्डिंग ड्रिल (शॉट न सोडता नुसतं धरून ठेवण्याचा सराव) वाढवणार. ग्रिपवर खरखरीतपणा आणायला कुणी वायर ब्रश वापरलाय का, की सरळ नव्याने स्टिपलिंग (लाकडावर बारीक टोचे पाडणं) करून घेतलेलं बरं?