आमची वाटचाल : टेपच्या कपाटापासून आत्याच्या कपाटापर्यंत

सांगलीत हरभट रोडजवळच्या एका बोळात, तळमजल्यावर, १९९७ साली अण्णांनी मिक्सिंगचं दुकान टाकलं. दोन व्हीसीआर, एक मिक्सर, एक टीव्ही आणि भाड्याची खोली. आसपासच्या गावांतले शूटिंगवाले कॅसेटी आणून द्यायचे, अण्णा रात्र रात्र बसून नावं घालायचे, गाणी टाकायचे आणि तीन तासांची लग्नाची कॅसेट तयार करायचे. मी नववीत होतो. शाळेतून आलो की लेबलं चिकटवायचं काम माझ्याकडे. त्याच वर्षी अण्णांनी एक लांबट वही घातली : काम नंबर, तारीख, गाव, आडनाव, कॅसेटी किती. ती वही अजून चालू आहे, आता तिसरी.

२००३ साली कॉम्प्युटर आला. मिनी डीव्हीची छोटी डिजिटल टेप फायरवायरच्या केबलने आत घ्यायची. तासाच्या टेपला तासच लागायचा आणि जागा लागायची १३ जीबी. आमची डिस्क ८० जीबीची. चार टेपचं एक लग्न आत घेतलं की दुसऱ्याला जागाच नाही. मग काम झालं की सगळं पुसायचं आणि पुढचं घ्यायचं. त्याची भीती कधी वाटली नाही, कारण प्रोजेक्टच्या एवढ्याशा फाईलमध्ये टेपचा नंबर आणि टाइमकोड, म्हणजे तुकडा टेपवर नेमका कुठं आहे ती वेळ, असे. सहा महिन्यांनी कुणी "आमच्या काकांचं नाव चुकलंय" म्हणत आलं, तर कपाटातून टेप काढायची, कॅमेऱ्यात घालायची आणि बॅच कॅप्चर द्यायचं. सॉफ्टवेअर टेप मागेपुढे पळवून नेमके हवे ते तुकडे उचलून आणायचं. पुष्कळ जण पैसे वाचवायला त्याच टेपवर पुन्हा शूट करत. अण्णांनी ते कधी होऊ दिलं नाही. टेप एकदाच भरायची आणि कपाटात उभी लावायची. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून त्या कपाटात बल्ब लावलेला असायचा.

मेमरी कार्डाचे कॅमेरे आले तेव्हा आम्हाला सगळ्यात मोठा आनंद झाला तो कॅप्चरची कटकट गेल्याचा. पण टेपबरोबर त्या कपाटाचा आधारही गेला, हे ध्यानात यायला वेळ लागला. कार्ड रिकामं करून दुसऱ्या दिवशी पुन्हा शूटिंगला जायचं असतं. आता मूळ चित्रीकरण म्हणजे आमच्या डिस्कवर असेल तेवढंच.

२०११ मधली माझी चूक इथं सांगितलीच पाहिजे. एव्हीसीएचडी (कार्डावर चित्रीकरण साठवायची एक पद्धत) कॅमेऱ्याच्या कार्डात फोल्डरच्या आत फोल्डर असतात आणि अगदी आतल्या स्ट्रीम फोल्डरमध्ये 'एमटीएस' फाईली असतात : ०००००, ००००१, ००००२. नवं कार्ड घातलं की आकडे बहुधा पुन्हा पहिल्यापासून. मी घाईत तेवढ्या फाईली उचलून कामाच्या फोल्डरमध्ये टाकत होतो. दुसरं कार्ड टाकताना विंडोजने 'रिप्लेस' विचारलं आणि मी हो म्हणालो. नवरीकडची हळद नवऱ्याकडच्या हळदीखाली गेली. कार्ड तोवर फॉरमॅट झालेलं होतं. कवठे महांकाळच्या त्या घरी मी स्वतः गेलो, सांगितलं, पैसे परत केले. नवरीची आई एकच वाक्य बोलली, "माझी आई होती ओ त्यात." त्या दिवसापासून आमच्याकडे कार्ड जसंच्या तसं, सगळ्या फोल्डरांसकट, स्वतंत्र नंबराच्या फोल्डरमध्ये उतरतं. उतरल्यावर चेकसमने, म्हणजे फाईलीवरून काढलेल्या आकड्याने, मूळ आणि प्रत ताडून बघतो. आम्ही आता वापरतो त्या रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी क्लोन टूल आहे, नुसत्या कॉपी-पेस्टवर मी भरवसा ठेवत नाही. वहीत दुसऱ्या माणसाची सही झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

जागा वाचवायची म्हणून मधली काही वर्षं आम्ही एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये काम संपलं की प्रोजेक्ट कन्सॉलिडेट करायचो, म्हणजे टाइमलाइनवर (फिल्म जुळवायच्या पट्टीवर) वापरलेला भाग आणि मागंपुढं थोडी फ्रेम ठेवून बाकीचं काढून टाकायचं. १८० जीबीचं लग्न वीस-बावीस जीबीत बसायचं. प्रोजेक्ट उघडायचा, नाव बदलता यायचं, गाणं बदलता यायचं. आम्हाला वाटलं, याहून अधिक काय लागतंय?

२०१६ मध्ये एक मुलगा आला. भावाच्या लग्नात आजीनं म्हटलेली ओवी हवी होती. ओवी लांबली म्हणून तो प्रसंगच फिल्ममध्ये घेतला नव्हता, आणि कन्सॉलिडेट करताना तो गेला. त्या रात्री अण्णा आणि मी बसून ठरवलं की यापुढे कापून ठेवायचं नाही. लोक परत येतात ते आम्ही निवडलेल्या प्रसंगासाठी येतच नाहीत, तो त्यांच्याकडे असतोच. आम्ही जे टाकून दिलं त्यासाठी येतात. वर आमच्या धंद्याची रीत अशी की लग्नाच्या फिल्मवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी, म्हणजे माणसांचा खरा आवाज फक्त मूळ क्लिपमध्येच.

पुढं रिझॉल्व्हवर आलो तेव्हा आणखी एक धडा मिळाला. त्यात प्रोजेक्ट साध्या फाईलसारखा फोल्डरमध्ये दिसत नाही, डेटाबेसमध्ये असतो, आणि आमचा डेटाबेस सी ड्राइव्हवर होता. मशीन हळू चालतं म्हणून आम्हीच विंडोज नव्यानं टाकलं. क्लिप दुसऱ्या डिस्कवर सुखरूप, पण चालू असलेली सहा कामं गेली. आता काम पोचतं केलं की प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये राईट क्लिक करून प्रोजेक्ट आर्काइव्ह काढतो. नावाच्या शेवटी 'डीआरए' असलेला फोल्डर तयार होतो, त्यात प्रोजेक्ट आणि मीडिया पूलमधल्या, म्हणजे कामासाठी आत घेतलेल्या, सगळ्या क्लिप येतात. पण जे मीडिया पूलमध्ये घेतलंच नाही ते त्यात येत नाही. गुरुजींच्या माईकच्या रेकॉर्डरचं कार्ड असंच राहून जायचं. म्हणून आर्काइव्ह वेगळं आणि कार्डाच्या मूळ प्रती वेगळ्या, दोन्ही ठेवायच्या.

फाँटचं दुखणं खास आपल्या भाषेचं. जुनी टायटलं आम्ही श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली. ते युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखं उमटणारं, नव्हे. नव्या मशीनवर प्रोजेक्ट उघडला की 'शुभविवाह'च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाँट आर्काइव्हमध्ये येत नाही. आता प्रत्येक कामात तीन गोष्टी जास्तीच्या जातात : वापरलेला फाँट, टायटलाची पारदर्शक चित्रफाईल आणि नावांची यादी युनिकोडमध्ये. जुन्या कामांतल्या कॅनोपस एचक्यू या एडियसच्या प्रकारातल्या फाईली वाचायला लागणारा कोडेकही एका फोल्डरमध्ये जपून ठेवलाय.

ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी चढलं ५७ फुटांच्या वर. आम्ही २००५ चा पूर पाहिलेला, त्या अंदाजानं सामान उचललं. मशीन वरच्या मजल्यावर नेली, डिस्क कपाटाच्या वरच्या कप्प्यांत चढवल्या, आणि रात्री लाइट गेल्यावर खालचा कप्पा राहिला तो राहिलाच. आठ दिवसांनी दार उघडलं तेव्हा कपाटात चिखल होता. अकरा डिस्क भिजल्या होत्या. कुणीतरी सांगितलेलं, भिजलेली डिस्क वाळवून चालू करून बघायची नाही, म्हणून तशाच पुण्याला रिकव्हरीला दिल्या. चार परत आल्या. अण्णांच्या टेपा मात्र बऱ्याच वाचल्या, कारण त्यांचं कपाट त्यांनी कधीच पोटमाळ्यावर हलवलं होतं.

त्यानंतर प्रत्येक कामाच्या दोन डिस्क होतात. दुसरी त्याच आठवड्यात मिरजेला आत्याच्या घरी, तिच्या लोखंडी कपाटात साड्यांखाली. आत्या प्रत्येक डिस्कची नोंद स्वतःच्या वहीत करते आणि माझी नोंद जुळली नाही तर फोन करते. मोठे स्टुडिओ एलटीओ ही डेटा साठवायची टेप वापरतात, ती उत्तमच, पण तिचा ड्राइव्ह आमच्या खिशाला अजून परवडत नाही. फोर-केचं चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट या दरानं तासाला ४५ जीबी खातं. दोन कॅमेऱ्यांचं लग्न सहज ४०० जीबीवर जातं, आणि तेही दोनदा ठेवायचं. हा खर्च आम्ही आता बिलात स्पष्ट लिहितो : तीन वर्षं आमच्याकडे, पुढं हवं असेल तर तुमची डिस्क आणा, आम्ही भरून देऊ. घासाघीस होते. तरी ही ओळ मी खोडत नाही. आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांनंतरही आजवर एकही काम पुसलेलं नाही.

२०२२ मध्ये तासगावची एक ताई आली. २०१७ चं लग्न. वडील करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. फिल्म तिनं आणलीच होती. म्हणाली, "दादा, यात बाबा दिसतात, पण बोलत नाहीत. आवाज आहे का कुठं?" वहीत काम सापडलं, डिस्क वरच्या कप्प्यातली होती. प्रोजेक्ट उघडला, टाइमलाइन सोडून दिली आणि बिनमधल्या (प्रोजेक्टमधल्या क्लिपच्या फोल्डरमधल्या) न वापरलेल्या क्लिप एकेक ऐकत गेलो. दोन तासांनी सापडलं. कॅमेरामननं पंगतीजवळ कॅमेरा स्टँडवर तसाच चालू ठेवला होता. चौकटीत नुसत्या पत्रावळ्या आणि वाढप्यांचे पाय. बाहेरून आवाज : "मठ्ठा शेवटच्या पंगतीपर्यंत पुरला पाहिजे बरं का. आणि ड्रायव्हर लोक जेवले का बघा आधी." चाळीस सेकंद असेल. तिनं हेडफोन काढला नाही. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. ती क्लिप आम्ही कधी टाइमलाइनवर ओढलीच नव्हती.

चातुर्मासात लग्नं नसतात. आषाढी एकादशी झाली की आमचं दुसरं काम सुरू होतं. प्रत्येक डिस्क लावून चालवायची आणि प्रत्येकीवरचा एक प्रोजेक्ट मूळ मशीन सोडून दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा. एक जरी क्लिप ऑफलाइन, म्हणजे सापडत नसलेली, दिसली तरी आत्याकडची प्रत आणायची आणि डिस्क बदलायची. उरलेल्या वेळात अण्णांच्या टेपा आत घेतो. त्या वाचणारा कॅमेरा आता एकच उरलाय, त्याचं हेड झिजत आलंय, म्हणून दिवसाला तीनच टेपा. वय झालं तरी अण्णा स्वतः येऊन बसतात, टेप फिरताना गावाचं नाव ओळखतात आणि मी वहीत पाहायच्या आत काम नंबर सांगतात. यंदा तुळशीच्या लग्नापर्यंत २००६ संपवायचं ठरलंय.